चाखणसाहेबांनी निवडलेला मका

आमच्या घरात कुठलीही गोष्ट पोटात जायच्या आधी आमच्या ह्यांच्या जिभेवर हजेरी लावून जाते. हे चहाच्या कंपनीत चाखणारे आहेत. म्हणजे ह्यांना पगार मिळतो तो चहा पिण्याचा नाही, चहा थुंकण्याचा. लांबलचक टेबलावर पांढऱ्या कपांची रांग, प्रत्येक कपातला एक चमचा, सुर्रर्र असा आवाज, गालातल्या गालात खळखळ, मग पिकदाणीत पिचकारी आणि लगेच निकाल. "पानं जास्त भाजलीत." "गोदामात ओल लागलीय." कॉलनीत ह्यांना चाखणसाहेब म्हणतात. हे म्हणतात, तो मान आहे. असेल बाई.

ऑफिसात काय वाटेल ते करा. पण माणूस आपली जीभ ऑफिसच्या खणात ठेवून घरी येत नाही ना! लग्न झाल्यापासून माझी एकूण एक भाजी अशी सुर्रर्र करून तपासली गेली. "मीठ कणभर जास्त." "कांदा घाईत परतलास." "पाणी मागाहून घातलंस, खरं सांग." मी घरीच कपडे दुरुस्त करून देते. दिवसभर लोकांच्या वाढलेल्या पोटांसाठी शिवणी उसवायच्या आणि पुन्हा घालायच्या, पण एकाही गिऱ्हाइकाने माझी अशी उलटतपासणी घेतलेली नाही. सासरे शेजारी बसून मूग गिळून जेवायचे. त्यांनी माझ्या भाजीला कधी चांगलं म्हटलं नाही आणि वाईटही म्हटलं नाही. मी ते चांगल्यात धरत होते.

आणि गेल्या हिवाळ्यात चमत्कार झाला. ह्यांना सणसणून ताप आला, चांगला आठवडाभर अंथरुणात होते, आणि उठले ते सुधारूनच उठले. पहिल्याच जेवणाला माझ्याकडे बघून म्हणाले, "छान झालीय." दुसऱ्या दिवशी पुन्हा छान. करपलेला भातसुद्धा छान! माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. लगेच बहिणीला फोन करून कळवलं, की शेवटी माझ्या हाताची किंमत कळली हो एका जाणकाराला. ती म्हणाली, "कोण, भावजी? त्यांचा ताप उतरलाय ना नक्की?" जळते मेली, असं म्हणून मी फोन ठेवला.

आता सासऱ्यांच्या कबुतरांचं सांगते. सासरे शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर जाळीचं मोठं खुराडं बांधलं आणि त्यात कबुतरं पाळली. त्यात एक म्हातारी मादी होती, राखाडी, गळ्याशी हिरवी झाक. तिचं नाव मालकीण. ती सासूबाईंची लाडकी. सासूबाई गेल्या, पण मालकीण रोज सकाळी सासऱ्यांच्या मनगटावर येऊन बसायची आणि सासरे तिला सगळं सांगायचे. गुडघा कसा दुखतो, पेपरात काय आलंय, सगळं. आमच्याशी ते 'हं' वर भागवतात. सासूबाई गेल्यानंतर ह्या घरात त्यांचं बोलणं असं कुणाशी उरलं असेल, तर त्या पाखराशी.

तर सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, माझ्या नणंदेच्या गावी. डॉक्टरांनी बजावलं, की डोळा बरा होईपर्यंत पिसं, धूळ काही जवळ नको. निघायच्या दिवशी बॅग दारात ठेवून त्यांनी मला हाक मारली. मुलाला नाही, मला.

"सूनबाई, दाणे तू घालायचेस."

"अहो बाबा, पिसांनी मला शिंका येतात. नाक पार बंद होतं."

"मग शिंकत शिंकत घाल. जुना दाणा संपत आलाय. नवा घेताना अख्खा, कोरडा बघून घ्यायचा. रंग लावलेला असेल तर तो पेरणीचा, त्याला औषध चोळलेलं असतं, त्याला हात लावायचा नाही. खारवलेलं काही चालणार नाही. आणि मका वास घेतल्याशिवाय आणायचा नाही. कुबट वास आला की तिथूनच मागे फिरायचं." मग जरा थांबून म्हणाले, "बाकीची तरुण आहेत. मालकिणीला काही सोसायचं नाही आता. तिला सांभाळ."

लग्नानंतर सासरे माझ्याशी एका दमात एवढं पहिल्यांदाच बोलले.

ह्यांना ते भारीच लागलं. "चव कळणारा माणूस घरात असताना बाबांनी दाणे निवडायला तुला सांगावं? तुला?"

"तुम्हीच निवडा ना," मी म्हटलं. "माझ्या डोक्यावर कशाला मिरे वाटताय?"

तोवर दोन दिवस खुराडं झाडून माझं नाक गच्च झालंच होतं. नाकावर रुमाल बांधून मी ह्यांच्या मागे बाजारात गेले. दाणेवाल्याचं दुकान अरुंद, आतपर्यंत लांब, आणि मागच्या भिंतीवर ओलीचा हा एवढा नकाशा. त्याने आधी गुलाबी गहू पुढे केला. "रंगीत आहे साहेब, पाखरांना रंग फार आवडतो."

ह्यांनी पोत्याच्या शिवणीतली चिठ्ठी उलटून बघितली. "पेरणीचं बियाणं आहे हे. पाखरं मारायचीत का मला?"

दाणेवाला ओशाळला. मी मनात म्हटलं, वा! नवरा कधीकधी उपयोगीही पडतो.

मग राहिली दोन पोती. दोन्हीत तेच मिश्रण, मका, ज्वारी, बाजरी, वाटाणे. एक पोतं पुढे दाराशी, दुसरं मागे त्या ओल्या भिंतीला टेकून. "अहो, वास घ्या," मी म्हटलं. "माझं नाक बंद आहे. बाबांनी सांगितलंय ना?"

"घेतोय ना!" असं म्हणून ह्यांनी पुढच्या पोत्यात तोंड घातलं, मोठा श्वास घेतला आणि मान वर करून दाणेवाल्याकडे बघितलं. दाणेवाला कान खाजवत उभा होता. मग ह्यांनी मागच्या पोत्यात तोंड घातलं आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलं. ह्या वेळी दाणेवाल्याचा चेहरा नुसता उजळला होता. ह्यांनी मक्याचा दाणा फोडला, सुर्रर्र केलं, गालात फिरवला, दाराबाहेर थुंकला. मग डोळे मिटून म्हणाले, "हाच. ह्याच्या चवीला खोली आहे."

"साहेब," दाणेवाला गहिवरून म्हणाला, "असं गिऱ्हाईक मिळत नाही हो हल्ली!"

मिळणार कुठून? तेव्हा मला आपलं वाटलं, माणसाच्या विद्येला मान मिळतोय. मीही कौतुकाने मान डोलावली. पोतं घरी आलं, गच्चीवरच्या पत्र्याच्या पिंपात रिकामं झालं. शेजारी गाण्याचा क्लास घेणाऱ्या बाई राहतात. त्यांच्या अंगणात चिमण्या येतात, तर त्यांनाही ह्यांनी डबाभर दाणे नेऊन दिले, आणि चवीच्या खोलीवर छोटंसं व्याख्यानही दिलं.

कबुतरांनी पहिल्या दिवशी दाणे पायाने उडवले. ह्यांचं मत पडलं, की नव्या चवीची सवय व्हायला वेळ लागतो, चहाची गिऱ्हाइकंही अशीच करतात. कबुतरांना ऑफिसच्या गोष्टी कोण सांगणार? पण भूक लागल्यावर ती खायला लागली. मी नाकाला रुमाल बांधून वर जायची, शिंकत शिंकत दाणे टाकायची, पाणी बदलायची आणि पळत खाली यायची.

त्या आठवड्यातच एका सकाळी मालकीण खुराड्याच्या कोपऱ्यात दिसली. पिसं फुगवून, मान आत ओढून बसली होती. दाण्यांकडे बघेना. मी मनगट पुढे केलं, तर तिने डोळा उघडला आणि मिटला. बाकीचीही दोन-तीन सुस्त बसली होती, आणि खाली हिरवं पाणी पाणी.

"हवा बदललीय," हे म्हणाले.

तेवढ्यात क्लासवाल्या बाई जिना चढून वर आल्या. तो डबा त्यांनी हात लांब करून धरला होता. "अहो, रागावू नका हं, पण चिमण्या ह्याला तोंड लावत नाहीत. आणि डबा उघडला की माझ्या मुली गाणं सोडून उठतात. केवढा हा वास!"

मी रुमाल सोडला. नाक अजून अर्धंच उघडं होतं, पण त्या वासाला अर्धं नाकसुद्धा पुष्कळ झालं. मी धावत जाऊन पिंपाचं झाकण काढलं आणि बाई गं! ओले बूट वर्षभर तळघरात ठेवावेत तसला तो भपकारा. इतके दिवस घाईत नुसता उडवलेला मका आता हातात घेऊन बघते, तर दाण्याच्या टोकाला हिरवट काळी बुरशी. मला उमासाच आला.

"हा? हा मका निवडलात तुम्ही?"

ह्यांनी पिंपावर वाकून चांगला दीर्घ श्वास घेतला. कपाळावर एक आठी नाही. "कसला वास?" म्हणाले. मग मान वर करून माझा चेहरा बघितला, आणि त्यानंतर नाक मुरडलं. "हो, हो. येतोय खरा जरासा."

क्लासवाल्या बाई तोंडाला हात लावून उभ्या होत्या. मी काहीच बोलले नाही. मी बोलत नाही असं वर्षातून एखादवेळी होतं, आणि तेव्हा घरातली माणसं सावध होतात.

मालकिणीला टोपलीत घालून आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिचं पोट चाचपलं, एक दाणा उजेडात धरून बघितला. "बुरशीचं विष आहे हे. लिव्हरवर जातं. बाकीची सावरतील, दाणे फक्त ताबडतोब बदला. ही म्हातारी आहे. ऊब द्या, स्वच्छ पाणी द्या. बघू." मग विचारलं, "पण एवढा वास मारतोय, घेताना कळलं नाही कुणाला?"

ह्यांनी बुटांकडे बघितलं.

घरी आल्यावर मी मालकिणीला माझ्या शिवणाच्या टोपलीत, चिंध्यांवर ठेवलं, मशीनच्या दिव्याखाली. मग स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. ह्यांच्या कपात साखरेऐवजी मीठ घातलं, दोन चमचे, चांगलं ढवळून. कप समोर ठेवला आणि समोर बसून गोड हसले. फार कष्ट पडले मला त्या हसण्याला.

ह्यांनी सुर्रर्र केलं. गालात फिरवलं. माझ्याकडे बघितलं. मी आणखी हसले.

"वा," हे म्हणाले. "आज अगदी फक्कड झालाय."

सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा माझ्या डोळ्यांपुढून सरकला. ती प्रत्येक भाजी, तो करपलेला भात, बहिणीला केलेला तो फोन. डोंबल माझ्या हाताची चव! हे ताटाकडे बघून बोलतच नव्हते, माझ्या तोंडाकडे बघून बोलत होते.

"मीठ घातलंय त्यात," मी म्हटलं.

ह्यांनी कप खाली ठेवला. मग सांगितलं. तापानंतर गेलं सगळं. वासही नाही, चवही नाही. गरम कळतं, गार कळतं, बस. डॉक्टर म्हणाले होते, येईल परत, नाहीतर नाही येणार. ऑफिसात टेबलावर शेजारी मुख्य चाखणारे असतात, त्यांची भुवई वर गेली की हेही मान हलवायचे. इतके महिने साहेबांची री ओढून दिवस काढले होते. आणि आता साहेब निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर ह्यांचंच नाव होतं.

"त्या खुर्चीत बसल्यावर कुणाची भुवई बघणार?" मी विचारलं.

"तेच ना," म्हणाले.

"आणि मला का नाही सांगितलंत? मी काय ऑफिस आहे?"

"सांगणार होतो गं. पहिल्याच दिवशी. पण काय बोलावं सुचेना म्हणून छान म्हटलं, तर तू इतकी खूश झालीस..." "एवढ्या वर्षांत मी तुला एवढं खूश कधी केलंच नव्हतं. मग दुसऱ्या दिवशीही म्हटलं."

मला भांडायचं होतं. चांगली तयारी केली होती मी मनात. पण माझ्याच्याने होईना. मी मिठाचा चहा मोरीत ओतला आणि तिथेच नळ सोडून रडले, थोडी ह्यांच्यासाठी आणि, खोटं कशाला बोलू, थोडी माझ्या भाजीसाठी.

नवा दाणा मी निवडला, दुसऱ्या दुकानातून. मूठभर तळातून काढून हुंगला. घरी आणून थोडा ओल्या फडक्यात बांधून ठेवला. जिवंत दाण्याला मोड फुटतात, मेलेला नुसता चिकट होतो. ह्याला छान मोड आले. पिंप घासून, उन्हात तापवून मग त्यात भरला. कबुतरं त्यावर तुटून पडली, आणि सुस्तावलेलीही हळूहळू उठून खायला लागली. मालकीण मात्र उठली नाही. मी तिला थेंब थेंब पाणी पाजायची, शिंकायची, पुन्हा पाजायची. शिंक आली की ती दचकून डोळा उघडायची, म्हणून मग मी शिंका दाबायला लागले. एका दुपारी मी एका पँटची शिवण घालत होते. धागा संपला म्हणून मशीन थांबवलं, टोपलीत बघितलं, तर ती गेली होती. ह्यांनी तिला मागच्या अंगणात पुरलं. ह्या माणसाला हुंदके देऊन रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. आईच्या वेळीसुद्धा रडले नव्हते.

सासऱ्यांना फोनवर काही सांगितलं नाही. डोळ्याला पट्टी असताना रडणं बरं नाही, असं आमचं ठरलं. ठरलं कसलं, दोघांचीही जीभ उचलेना.

ते आले ते काळा चष्मा लावून, बॅग दारातच टाकून थेट गच्चीवर गेले. आम्ही जिन्याच्या तळाशी उभे राहिलो. मला पक्कं वाटत होतं, की हे दाणेवाल्याचं नाव घेणार. आणि त्याचं नाव घ्यायला जागाही होती, सडका माल त्यानेच विकला होता. मी ह्यांना काही शिकवलं नाही. म्हटलं, बघू तर.

सासरे खाली आले. "मालकीण कुठाय?"

"बाबा," हे म्हणाले, "मका सडका होता. मी निवडला. दाणेवाल्याने ठेवला होता, पण निवडला मी. मला वास येत नाही. चवही कळत नाही, हिवाळ्यापासून. मी कुणाला सांगितलं नाही. हिनं वास घ्यायला सांगितलं होतं मला. हिची चूक नाही."

सासरे खुर्चीत बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते 'हं' सुद्धा म्हणाले नाहीत. मला वाटलं, आता ह्या घरातलं त्यांचं बोलणं कायमचं संपलं.

"तिला शेवटी पाणी कुणी पाजलं?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"शिंकत?"

"दाबून."

त्यांनी मान हलवली. मग मुलाकडे वळले. "मग हिवाळ्यापासून हिच्या भाजीला छान छान म्हणत होतास, ते काय होतं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मला वाटलं, माझीच जीभ गेली म्हातारपणी," सासरे म्हणाले. "मीठ जास्त असतं, सूनबाई. पहिल्या दिवसापासून. तुझ्या सासूला मी हे तुला कधीच सांगू दिलं नाही."

आणि बसले रडायला. हे त्यांच्या पायाशी बसले. मी मध्येच उभी, हसू की रडू ते कळेना, आणि इतक्या वर्षांनी शेरा मिळाला तोही असा!

ह्यांनी ऑफिसात खरं सांगितलं. खुर्ची गेली. चाखायचं टेबलही गेलं. आता गोदामात कोणतं खोकं कुठे ठेवायचं ते बघतात. कॉलनीत अजून चाखणसाहेबच म्हणतात, आणि हे मुकाट्याने ऐकून घेतात. सकाळी तिघंही गच्चीवर जातो. मी पिंप उघडून वास घेते, हे माझ्याकडे बघत थांबतात, मी मान हलवली की दाणे टाकतात. अजून एकही कबुतर सासऱ्यांच्या मनगटावर बसलेलं नाही. पण गुडघ्याचं ते आता आम्हाला सांगतात, आणि पेपरातलंसुद्धा, फार सविस्तर सांगतात.

काल जेवताना ह्यांनी घास घेतला. सुर्रर्र नाही, काही नाही. चावला, गिळला आणि मला विचारलं, "कशी झालीय गं भाजी?"

मी एक घास खाऊन बघितला. सासऱ्यांनी भुवई वर केलीच होती.

"खारट," मी म्हटलं.

"बरं," हे म्हणाले आणि ताट पुढे केलं. "वाढ अजून थोडी."